मोबाइलला बाळंतिणीचं मन कळेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर येणारं नैराश्य मोबाइलमधल्या नोंदींवरून आधीच ओळखता येईल का, यावर स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात काही वर्षं काम चालू आहे. मी आरोग्याच्या आकडेवारीत काम करते आणि एका बाळंतपणानंतर या आजारातून स्वतः गेले आहे, म्हणून हा विषय निघाला की लोक माझ्याकडे वळतात. खालचे प्रश्न मैत्रिणींनी, ऑफिसातल्या मुलांनी, एक-दोन डॉक्टरांनी आणि माझ्या सासूबाईंनी विचारलेले आहेत. ज्यांना आत्ताच मदत हवी आहे, त्यांनी वाचत बसू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

बाळंतपणानंतर सगळ्याच रडतात. त्यालाच हे मोठं नाव दिलंय का?

नाही. पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि आपसूक ओसरतं. नैराश्य ओसरत नाही. दोन आठवडे उलटून जातात तरी कशातच रस वाटत नाही, बाळ झोपलं तरी आपल्याला झोप लागत नाही, ‘मी चांगली आई नाही’ हे डोक्यातून हलत नाही. बऱ्याच जणींच्या बाबतीत याची सुरुवात गरोदरपणातच झालेली असते. बाळंतपणानंतर ते फक्त दिसायला लागतं. भारतातल्या ३८ अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आली होती, त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं. म्हणजे पाचात एक. गोव्यात त्याआधीच, २००२ साली, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० आयांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातलं प्रमाण २३ टक्के होतं. जोखीम वाढवणाऱ्या गोष्टी काय निघाल्या? गरिबी, नवऱ्याशी न पटणं आणि मुलगी होणं. तिसरी गोष्ट कुठल्या हार्मोनच्या तपासणीत सापडायची नाही.

याहून दुर्मिळ आणि गंभीर एक प्रकार असतो. भास होणं, भलतंसलतं बोलणं, दोन-दोन दिवस झोपेशिवाय राहूनही थकवा न जाणवणं. हे हजारात एक-दोघींना होतं. तिथे ॲप, प्रश्नावली काही नको, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

फोन नेमकं काय बघतो?

तुमच्या मनात डोकावत नाही, एवढं आधी नक्की समजा. तो मोजतो ते असं: तुम्ही दिवसात किती हिंडलात, घरापासून किती लांब गेलात, किती वेगवेगळ्या ठिकाणी गेलात, स्क्रीन कधी लागली कधी विझली, किती पावलं पडली. काही ॲप आवाजाचा नमुना मागतात. या सगळ्या प्रकाराला डिजिटल फीनोटाइपिंग म्हणतात; नाव जड आहे, कल्पना सोपी आहे. माणूस खचला की त्याची हालचाल बदलते, आणि हालचालीची नोंद खिशातल्या यंत्रात आपोआप होत असते.

याचा एक सुरुवातीचा पुरावा २०१५ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून आला. दोन आठवडे लोकांचे फोन त्यांची ये-जा टिपत राहिले. ज्यांचं नैराश्य जास्त, त्यांचं हिंडणं मोजक्याच ठिकाणी होतं आणि दिनक्रमात नियमितपणा कमी होता. निष्कर्ष गाजला. पण पुरेशी नोंद मिळालेली माणसं होती फक्त २८, आणि ती बाळंतिणी नव्हत्या.

पण बाळंतीण घरातच असते ना! मग तिची हालचाल काय मोजणार?

हा प्रश्न सासूबाईंचा. या विषयातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यांनीच विचारला, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आपल्याकडची एखादी बाळंतीण डोळ्यांसमोर आणा. सातवा महिना लागला, डोहाळजेवण झालं की ती माहेरी जाते. फोनच्या दृष्टीने तिचं ‘घर’ एका दिवसात दीडशे किलोमीटर सरकलं. ऑफिस सुटलं, म्हणजे रोजच्या ठिकाणांपैकी मुख्य ठिकाण गेलं. बाळंतपण झाल्यावर सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. सकाळी तेल-मालीश, शेक-शेगडी, मग झोप. कानाला रुमाल बांधलेला, फोन उशाशी. पावलं किती? खोलीतून न्हाणीघरापर्यंत जेवढी पडतील तेवढी. रात्री दोनला स्क्रीन लागते, साडेतीनला लागते, पावणेपाचला लागते. का? तर बाळाला पाजताना डावा-उजवा लक्षात राहावा म्हणून ती वेळ लिहून ठेवते, किंवा पेंग येऊ नये म्हणून रील बघते.

आता हीच नोंद, कुणाची आहे ते न सांगता, इतर लोकांवर शिकलेल्या मॉडेलला, म्हणजे नोंदींवरून अंदाज बांधणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामला द्या. घराबाहेर पडणं बंद, रात्री झोप तुटक, ओळखीची ठिकाणं सुटलेली. ते म्हणणार, हिला तीव्र नैराश्य आहे. प्रत्यक्षात ती डिंकाचे लाडू खात आईशी गप्पा मारत बसलेली असेल.

उलटही होतं. जिला सव्वा महिन्याची चैन मिळालीच नाही, जी दहाव्या दिवशी विहिरीवर आणि विसाव्या दिवशी शेतावर गेली, तिची पावलं भरपूर, ठिकाणं भरपूर. फोन म्हणेल, छान चाललंय.

म्हणून या क्षेत्रातले शहाणे लोक एका बाईची तुलना दुसरीशी करण्याऐवजी तिच्याच मागच्या आठवड्यांशी करायचा प्रयत्न करतात. यात अडचण अशी की गरोदरपणात आणि नंतर ‘नेहमीचं’ असं काही राहतच नाही, दर आठवड्याला शरीर आणि दिवस दोन्ही बदलतात. त्यासाठी फक्त याच काळातल्या बायकांवर शिकलेलं मॉडेल लागतं. उप्सालाचं काम मला महत्त्वाचं वाटतं ते त्यामुळेच.

उप्सालामध्ये काय केलं जातंय?

‘मॉमटूबी’ नावाचं ॲप २०१९ च्या अखेरीस सुरू झालं. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या, स्वीडनमध्ये राहणाऱ्या, अठरा वर्षांवरच्या बायका ते स्वतःहून उतरवून घेतात आणि बाळ एक वर्षाचं होईपर्यंत त्यांची माहिती गोळा होत राहते. पाच हजारांवर बायका मिळवायच्या, असं उद्दिष्ट ठेवलं होतं. बायका ठरावीक काळाने प्रश्नावल्या भरतात, आवाज रेकॉर्ड करतात, आणि परवानगी दिली असेल तर फोन हालचाल व वापराची नोंद ठेवतो. मग बघायचं की प्रश्नावलीत नैराश्य दिसण्याआधी फोनच्या नोंदीत काही हललं होतं का. सुरू होऊन काही महिने होतात न होतात तोच कोविड आला. हालचालीवर बेतलेल्या अभ्यासाचं नशीब म्हणा, सगळं जगच घरात बसलं.

स्टॉकहोमला असलेल्या माझ्या बहिणीला यात भाग घेता येईल का?

नावनोंदणी अजून चालू असेल आणि तिला स्वीडिश येत असेल तर. अभ्यास स्वीडिश भाषेत चालतो. नुकतीच तिकडे गेलेली, भाषा न येणारी, सासर-माहेर दोन्ही सहा हजारांहून जास्त किलोमीटरांवर असलेली मुलगी त्यातून बाहेर राहते. आणि एकटेपणाची जोखीम तिलाच जास्त. मॉडेल ज्यांच्यावर शिकतं त्यांच्यासाठीच बरं चालतं, हे एवढ्यावरून कळावं. तिने आपल्या मिडवाइफशी किंवा बाल-आरोग्य केंद्रातल्या नर्सशी बोलावं. तिथे बाळ सहा-आठ आठवड्यांचं झालं की आईची नैराश्याची चाचणी होतेच.

चाचणी असताना फोन कशाला?

ही चाचणी म्हणजे एडिनबरा प्रश्नावली. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झाली. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. साधारण बारा-तेराच्या वर गेलं की नीट तपासणी करायची. शेवटचा, दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो.

मी ती भरली आहे. २०१६ साल, पुण्यातलं एक रुग्णालय. नर्सने क्लिपबोर्ड हातात दिला आणि ती बाळाचं वजन करायला गेली. माझ्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नणंद. नणंद सहज म्हणून कागदाकडे बघत होती, वाईट हेतू नव्हता. पहिल्या नऊ प्रश्नांपैकी बहुतेकांना मी मधली उत्तरं दिली. दहाव्याला ‘कधीच नाही’ वर खूण केली. खरं उत्तर ते नव्हतं. माझे सात गुण झाले आणि नर्स म्हणाली, ‘‘छान आहे सगळं.’’

प्रश्नावली वाईट आहे असं नाही, आजही स्वस्तात मिळणारं याहून चांगलं साधन नाही. पण ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या खुर्चीवर, शेजारी कोण बसलंय त्यावर अवलंबून असते. फोनकडून आशा आहे ती इथे: न विचारता, दोन भेटींच्या मधल्या दिवसांत काय चाललंय ते कळावं.

आवाजावरून कसं ओळखतात?

शब्दांपेक्षा बोलण्याची ढब बघतात. चढ-उतार कमी झाले का, दोन वाक्यांमधली शांतता लांबली का, वेग मंदावला का. खचलेल्या माणसाचा आवाज सपाट होतो हे मानसोपचारतज्ज्ञ फार पूर्वीपासून जाणतात, संगणक ते सेकंदाच्या हिशोबात मोजतो. भाषा बदलली की गणित बदलतं. स्वीडिश बोलण्याला स्वतःचा एक सूर असतो, मराठीचा वेगळा, आणि त्यातही मालवणी बाई आणि वऱ्हाडी बाई सारख्या चालीत बोलत नाहीत.

माझं कुणी ओळखलं ते सांगते. कऱ्हाडच्या मावशीने. रविवारी फोनवर दोन मिनिटं बोलून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘तू नुसतं हं हं काय करतेस गं? तू अशी नाहीस.’’ मी म्हटलं, झोप नाही. तिने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने दारात हजर.

मशीन लर्निंग म्हणजे इथे काय करतात?

हजारो बायकांच्या नोंदी संगणकाला देतात, आणि सोबत सांगतात की यांतल्या कुणाला पुढे त्रास झाला. संगणक स्वतः नियम शोधतो. मग न बघितलेल्या बायकांवर ते नियम लावून परीक्षा घेतात. परीक्षेत आधीच बघितलेला पेपर आला तर शंभर टक्के मिळतात, म्हणून ‘आमचं ॲप ९५ टक्के अचूक’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न हा विचारायचा: कुणाच्या पेपरवर?

दुसरी एक गोष्ट जाहिरातीत येत नाही: नोंदी गळणं. फोनचं बॅटरी-सेव्हर मागे चालणारं ॲप मारून टाकतं. चार्जिंग संपतं. आणि ज्या बाईला सकाळी उठून वेणी घालणं जड जातंय, ती फोन चार्जिंगला लावायचंही विसरते. म्हणजे जिची माहिती सगळ्यात जास्त हवी, तिचीच कोरी राहते.

मग हे किती अचूक आहे?

उप्सालाच्याच गटाने फोनच्या आधी, २००९ पासून चाललेल्या एका मोठ्या अभ्यासातल्या प्रश्नावल्या वापरून मॉडेल बनवलं होतं. ४,३१३ बायका, निष्कर्ष २०२१ साली आले. ज्यांना पुढे नैराश्याची लक्षणं आली त्यांपैकी ७२ टक्के पकडल्या गेल्या. ज्यांना आली नाहीत त्यांपैकी ७५ टक्क्यांना मॉडेलने बरोबर सोडून दिलं.

ऐकायला बरं वाटतं. आता हे माणसांत मोजू. समजा हजार बायका आहेत आणि त्यांपैकी १४० जणींना त्रास होणार आहे. मॉडेल त्यातल्या १०१ ओळखेल, ३९ सुटतील. उरलेल्या ८६० ठणठणीत बायकांपैकी २१५ जणींना ते उगाच धोक्यात दाखवेल. म्हणजे ‘तुम्हाला धोका आहे’ असा निरोप ३१६ घरी जाणार आणि तो खरा ठरणार त्यातल्या एकतृतीयांश घरी. अभ्यासात प्रत्यक्ष आलेला आकडाही हाच आहे, ३३ टक्के. उलट ‘धोका नाही’ असं सांगितलेल्यांपैकी ९४ टक्के खरंच बऱ्या राहिल्या. म्हणून असलं मॉडेल फार तर चाळणी म्हणून वापरावं, निदान म्हणून कधीच नाही.

आणखी दोन गोष्टी त्यात दडल्या आहेत. ज्यांना आधी कधी मानसिक त्रास झालेला नव्हता, त्यांच्या बाबतीत अचूकता ६४ टक्क्यांवर घसरली. पहिल्यांदाच होणारी जी, तीच हाताला लागत नाही. आणि मॉडेलला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली माहिती कुठली? गरोदरपणातली उदासी, गरोदरपणातली चिंता, आणि अडचणीतून सावरण्याचा त्या बाईचा स्वभाव. या गोष्टी पाचव्या महिन्यात कुणीतरी शेजारी बसून विचारल्या असत्या तरी कळल्या असत्या. फोनच्या नोंदी यात नक्की किती भर घालतात, ते अजून सिद्ध व्हायचंय.

नवऱ्यांनाही हे होतं का?

होतं. साधारण दहात एका बापाला. त्याच्या फोनकडे सहसा कुणी बघत नाही.

महाराष्ट्रात हे चालेल का?

सरळ उचलून आणलं तर नाही. माहेर आणि सव्वा महिन्याचं वर सांगितलंच. त्याशिवाय फोन कुणाचा हाही प्रश्न आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका देशभरात ५४ टक्के होत्या. गोव्यात ९१ टक्के, त्यामुळे तिथे विचार करायला जागा आहे. पण ज्या घरात एकच फोन दिवसा नवऱ्याच्या खिशात, संध्याकाळी पोराच्या गेमसाठी आणि रात्री हिच्या हातात, तिथे ती नोंद नेमकी कुणाच्या मनाची?

आपल्याकडे वेगळी एक वाट तयार आहे आणि ती वापरली जात नाही, याचं मला वाईट वाटतं. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत उभी केली आणि पुढे ती देशभर आशाताईंकडे गेली. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई सहा वेळा जाते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बेचाळीस दिवस म्हणजे आपला सव्वा महिनाच, वर थोडे दिवस. या भेटींत भर असतो बाळाचं वजन, ताप आणि पाजण्यावर. एक माणूस सहा वेळा त्याच खोलीत जातंय. आईला ‘तुला कसं वाटतंय’ हे दार लोटून, एकटीला विचारण्याची सोय यातच आहे. ॲप करायचंच असेल तर ते आधी आशाताईच्या हातात द्या. कुठल्या तीन घरी आज जरा जास्त वेळ बसायचं, एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

माझी माहिती कुठे जाते?

विद्यापीठाच्या संशोधनात नैतिक समितीची मंजुरी लागते, संमती लागते आणि मध्येच सोडून जाता येतं. युरोपच्या कायद्यात आरोग्याची माहिती खास जपायच्या प्रकारात मोडते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात असा वेगळा कप्पा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण त्याचा रोख उपचार करणाऱ्यांवर आहे. बाजारातलं फुकट ॲप म्हणजे उपचार करणारा नव्हे.

ही नुसती भीती नाही. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने लोकांच्या मानसिक आरोग्याची माहिती जाहिरातदारांकडे पोचवली, असा आरोप तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ साली ७८ लाख डॉलरवर ते प्रकरण मिटलं. त्याआधी २०२१ मध्ये पाळीच्या नोंदी ठेवणाऱ्या फ्लो ॲपबाबत तसंच झालं होतं.

आणि आपल्याकडे धोका सर्व्हरच्याही आधी घरात आहे. जावेने फोन उचलला आणि वर सूचना झळकली, ‘तुमच्या मनःस्थितीत बदल दिसतो’. पुढचं तुम्ही जाणता. ‘वेडी झालीय’, ‘बाळ हिच्याकडे नको’.

ॲपने धोका दाखवला तर पुढे काय होतं?

बहुतेक ठिकाणी, काहीच नाही. माझा खरा राग यावर आहे. ओळखण्याच्या स्पर्धेत दर वर्षी नवी मॉडेलं येतात, आणि उपचाराचं काय करायचं ते आपल्याला कधीपासून माहीत आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावातल्याच आरोग्य कार्यकर्तींना आयांशी कसं बोलायचं ते शिकवलं गेलं. २००८ साली निष्कर्ष आले: सहा महिन्यांनी त्या आयांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, ज्यांच्याकडे कार्यकर्ती नुसत्याच भेटीला जात होत्या, त्यांच्यात ५३ टक्के. तोच कार्यक्रम गोव्यात आला तेव्हा काम साध्या, शेजारपाजारच्या बायकांनी केलं. त्यांना ‘सखी’ म्हणत. २८० गरोदर बायकांच्या त्या चाचणीत सखी भेटलेल्यांमध्ये बऱ्या झालेल्यांचं प्रमाण जास्त होतं, लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजे जादू नाही. पण कुणीतरी येतं.

तीव्र त्रासात औषधं लागतात आणि अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधंही आहेत. कुठली आणि किती, ते डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने सुरू करू नका, चालू असलेली अचानक बंद करू नका.

तुम्ही स्वतः असं ॲप वापराल का?

संशोधनासाठी, हो. आवाज देईन, पावलं देईन. घर कुठे आहे ते देणार नाही. आणि सूचना माझ्या फोनवर न दाखवता मी निवडलेल्या एका माणसाला जावी, अशी सोय असेल तर.

२०१६ ला तो नंबर मी मावशीचा दिला असता. ती आली तेव्हा तिच्या पिशवीत अळीव होते आणि तिने बाळाआधी माझ्याकडे बघितलं. चार दिवसांनी तीच मला डॉक्टरकडे घेऊन गेली. आत मला एकटीला पाठवलं आणि स्वतः बाळाला घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. तोच दहा प्रश्नांचा कागद पुन्हा समोर आला. या वेळी एकोणीस गुण झाले.